ब्रॉडबँड सेवेतील स्पर्धा आणि ग्राहकाचे निवडस्वातंत्र्य : भारतीय अनुभवाचा अभ्यास

प्रस्तावना :

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ग्राहकाला बाजारपेठेचा राजा मानले जाते. या राजाचे सामर्थ्य मात्र एकाच गोष्टीत असते. एका विक्रेत्याकडून समाधान झाले नाही, तर तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. भाजी, कापड किंवा पुस्तक विकत घेताना हे सामर्थ्य सहज वापरता येते. वीज, पाणी, टेलिफोन यांसारख्या सेवांच्या बाबतीत तसे घडत नाही. या सेवा घरापर्यंत येण्यासाठी तार किंवा नळ लागतो आणि तो एकदा टाकला गेला की त्याच्या शेजारून दुसरा टाकणे कोणासही सहजासहजी परवडत नाही. ब्रॉडबँड इंटरनेट ही सेवा याच वर्गात मोडते. महाविद्यालयीन प्रवेशाचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, बँकेचा व्यवहार, परीक्षेचा निकाल या सर्वांचा मार्ग आज इंटरनेटमधून जातो. त्यामुळे ही सेवा कोणाकडून व कोणत्या अटींवर घ्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकार ग्राहकाकडे कितपत आहे, हा प्रश्न सामाजिक न्यायाचाही ठरतो.

भारतात इंटरनेट सेवेचा परवाना असलेल्या संस्था शेकडो आहेत. तरीही एखाद्या गावातील किंवा गृहनिर्माण संस्थेतील कुटुंबासमोर प्रत्यक्षात एक किंवा दोनच पर्याय असतात. कागदावरील स्पर्धा व दारातील निवड यांत एवढे अंतर का पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

उद्दिष्टे :

१. ब्रॉडबँड सेवेतील स्पर्धेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. १९९५ नंतरच्या भारतीय धोरणाचा स्पर्धेच्या दृष्टीने आढावा घेणे.
३. अन्य देशांच्या अनुभवाशी त्याची तुलना करणे.
४. ग्राहकाच्या निवडस्वातंत्र्यातील अडथळे शोधून उपाय सुचविणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून त्यासाठी शासकीय धोरणे, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजेच ट्रायचे आदेश व शिफारशी आणि न्यायालयीन निर्णय या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१. स्पर्धेचे दोन प्रकार

ब्रॉडबँड सेवेचे तीन स्तर मानता येतात. पहिला स्तर भौतिक मार्गाचा, म्हणजे तांब्याची तार, केबल, प्रकाशतंतू किंवा रेडिओलहरी यांचा होय. दुसरा स्तर त्या मार्गावरून इंटरनेटची जोडणी विकणाऱ्या सेवादात्याचा आणि तिसरा स्तर त्या जोडणीतून मिळणाऱ्या संकेतस्थळांचा व सेवांचा आहे. वरच्या दोन स्तरांवर नव्या संस्थेला तुलनेने कमी भांडवलात प्रवेश करता येतो. पहिल्या स्तरावर मात्र रस्ते खोदणे, खांब उभारणे, परवानग्या मिळविणे यांचा आरंभीचा खर्च प्रचंड असतो, तर एक ग्राहक वाढल्याने होणारा जादा खर्च अल्प असतो. अशा ठिकाणी नैसर्गिक मक्तेदारी निर्माण होण्याकडे कल असतो.

यातून स्पर्धेचे दोन प्रकार संभवतात. प्रत्येक कंपनी स्वतःचे जाळे उभारते, तेव्हा तिला सुविधाधिष्ठित स्पर्धा म्हणता येईल. जाळे एकाचे व त्यावरून सेवा देणारे अनेक, अशी व्यवस्था असते तेव्हा ती सेवाधिष्ठित स्पर्धा ठरते. एसटीच्या एकाच रस्त्यावरून अनेकांच्या गाड्या धावू शकतात. प्रत्येक गाडीमालकाने स्वतंत्र रस्ता बांधावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. दूरसंचाराच्या तारेला हा न्याय लावावा किंवा नाही, हाच जगभरच्या ब्रॉडबँड धोरणांतील मूळ वाद आहे.

२. मक्तेदारीकडून खुल्या परवान्यांकडे

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्यानंतर सुमारे तीन वर्षे या क्षेत्रात निगमची मक्तेदारी होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी सेवादात्यांना प्रवेश मिळाला. संपूर्ण देश, दूरसंचार परिमंडळ व लहान स्थानिक क्षेत्र अशा अ, ब आणि क वर्गांचे परवाने उपलब्ध झाले आणि त्यांच्या संख्येवर मर्यादा ठेवण्यात आली नाही.

या काळातील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. इंटरनेट तेव्हा डायल-अप पद्धतीने, म्हणजे साध्या टेलिफोनवरून क्रमांक फिरवून मिळत असे. टेलिफोनची तार सरकारी असली, तरी ग्राहक तिच्यावरून हव्या त्या सेवादात्याचा क्रमांक फिरवू शकत होता. दुकानातून तासांच्या हिशेबाने मिळणारा संच विकत घ्यावा, तो संपल्यावर दुसऱ्या कंपनीचा घ्यावा, इतके सेवादाता बदलणे सोपे होते. वेग अत्यंत कमी होता, जोडणी वारंवार तुटत होती. परंतु निवडीच्या दृष्टीने पाहता तार एकाची व सेवादाते अनेक, ही व्यवस्था त्या काळी आपोआप अस्तित्वात आली होती.

ब्रॉडबँड आल्यावर हे चित्र पालटले. डीएसएल तंत्रात तांब्याच्या त्याच तारेवरून अधिक वेग मिळतो. मात्र त्यासाठी लागणारे उपकरण टेलिफोन केंद्रात, तारेच्या टोकाशी बसवावे लागते. साहजिकच केंद्र व तार ज्याच्या मालकीची, त्याच्या संमतीशिवाय अन्य कोणी ही सेवा देऊ शकत नाही. वेग वाढला आणि निवड घटली, असा हा विरोधाभास होता.

३. २००४ चे धोरण व न उघडलेला दरवाजा

या प्रश्नाची जाणीव नियामकास होती. एप्रिल २००४ मध्ये ट्रायने केलेल्या शिफारशींत लोकल लूप, म्हणजे टेलिफोन केंद्र ते ग्राहकाचे घर यांमधील तार, अन्य सेवादात्यांना ठरावीक मोबदल्यात वापरू द्यावी असे सुचविले होते. देशात त्या वेळी चार कोटींच्या आसपास स्थिर दूरध्वनी होते व त्यांपैकी बहुतांश भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम या सरकारी कंपन्यांचे होते. मुंबई व दिल्ली महानगर टेलिफोन निगमकडे, तर महाराष्ट्राचा उर्वरित भाग भारत संचार निगमकडे होता.

१४ ऑक्टोबर २००४ रोजी केंद्र शासनाने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाची, सतत सुरू असणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या त्यात करण्यात आली. लोकल लूप खुले करण्याची शिफारस मात्र स्वीकारली गेली नाही. तारेचा वापर परस्परसंमतीच्या व्यापारी कराराने व्हावा, असे धोरणात नमूद केले गेले. ज्याच्याशी स्पर्धा करावयाची त्याच्याच संमतीवर प्रवेश अवलंबून राहिल्याने अशा करारांना फारसा वाव उरला नाही.

या निर्णयामागील युक्तिवाद अगदीच निराधार नव्हते. तार इतरांना द्यावी लागणार असेल, तर तिच्या देखभालीवर व विस्तारावर खर्च करण्याची मालकाची इच्छा मंदावते, हा पहिला युक्तिवाद होय. ग्रामीण भागातील तोट्याची सेवा सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीचे शहरी, किफायतशीर ग्राहक खाजगी कंपन्यांनी वेचून न्यावेत काय, हा दुसरा. अनेक ठिकाणी जुनी तांब्याची तार ब्रॉडबँडच्या योग्यतेची नव्हती, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही. तथापि ही तार सार्वजनिक पैशातून टाकलेली होती. तिचा सार्वजनिक उपयोग कशाने अधिक वाढेल, या प्रश्नाचा निर्णय तिच्या व्यवस्थापकांवर सोपविला गेला.

परिणामांचा विचार करता, धोरणात २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे लक्ष्य होते. डिसेंबर २०१० अखेर प्रत्यक्षात सुमारे १ कोटी १० लाख ग्राहक झाले. या तुटीस दरडोई उत्पन्न, संगणकांचा अभाव, भारतीय भाषांतील आशयाची कमतरता अशी अन्य कारणेही होती. परंतु तारेवरील स्पर्धेचा अभाव हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण मानावे लागते.

४. अन्य देशांचा अनुभव

युरोपीय संघाने डिसेंबर २००० मध्ये लोकल लूप खुले करण्याचा नियम संमत केला. ब्रिटनमध्ये नियम असूनही आरंभी काही घडले नाही, कारण तारेची मालक असलेली ब्रिटिश टेलिकॉम हीच किरकोळ बाजारातील प्रमुख विक्रेती होती. नियामकाच्या दबावाखाली कंपनीने २००५ मध्ये हमीपत्र दिले आणि जानेवारी २००६ मध्ये तारेचे काम पाहणारा ओपनरीच हा विभाग कार्यात्मकदृष्ट्या वेगळा झाला. आपल्या कंपनीला व प्रतिस्पर्ध्यांना समान अटींवर तार देण्याचे बंधन त्याच्यावर आले. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत अशा खुल्या तारांची संख्या काही दशलक्षांवर गेली. नियम कागदावर असणे व मालकाचे हितसंबंध त्या नियमाशी जुळणे, यांतील फरक या उदाहरणावरून स्पष्ट होतो.

अमेरिकेने वेगळा मार्ग पत्करला. तेथील १९९६ च्या दूरसंचार कायद्यात टेलिफोनच्या तारा प्रतिस्पर्ध्यांना देण्याची तरतूद होती. परंतु २००२ मध्ये केबलवरील इंटरनेटला दूरसंचार सेवा न मानता माहिती सेवा मानण्यात आले. ब्रँड-एक्स या लहान सेवादात्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून २००५ मध्ये ही भूमिका ग्राह्य धरली आणि त्याच वर्षी टेलिफोन तारेवरील ब्रॉडबँडलाही तोच न्याय लागू झाला. केबल आणि टेलिफोन कंपनी या दोन जाळ्यांमधील स्पर्धा पुरेशी आहे, असे गृहीत धरण्यात आले. परिणामी बहुसंख्य अमेरिकी कुटुंबांसमोर दोन, तर काही ठिकाणी एकच पर्याय राहिला. जाळी दोन असली म्हणजे स्पर्धा तीव्र होतेच असे नाही. दोघांनाही परस्परांच्या दराचा अंदाज असतो व दरयुद्ध टाळण्यातच दोघांचे हित असते.

५. केबलचालक, मोबाइल आणि पुन्हा केंद्रीकरण

तांब्याच्या तारेचा मार्ग बंद असल्याने भारतात स्पर्धा अन्य दोन वाटांनी आली. पहिली वाट केबलचालकांची होती. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या केबलने अनेक कुटुंबांना पहिले ब्रॉडबँड मिळवून दिले. मात्र केबलचालकांचे विभाग बहुधा ठरलेले असत. त्यामुळे शहरात अनेक केबलचालक असले, तरी एका गल्लीत सहसा एकच असे.

दुसरी व निर्णायक वाट मोबाइलची ठरली. २०१० मध्ये थ्री-जी व बिनतारी ब्रॉडबँडच्या लहरींचा लिलाव झाला. त्यात इन्फोटेल ब्रॉडबँड या कंपनीने सुमारे १२,८४८ कोटी रुपयांत देशातील सर्व २२ परिमंडळांसाठी ब्रॉडबँड लहरी मिळविल्या व ती कंपनी लगेच रिलायन्स समूहाकडे गेली. तिच्यातूनच ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. आरंभीचे काही महिने सेवा विनामूल्य होती. ट्रायच्या आकडेवारीनुसार एक गिगाबाइट डेटाचा सरासरी खर्च २०१४ मध्ये २६९ रुपये होता. २०१८ मध्ये तो ११ रुपये ७८ पैशांवर आला. ज्या वर्गाने इंटरनेटचा वापर कधी केला नव्हता, त्याच्या हाती तो आला, हे या स्पर्धेचे श्रेय निर्विवाद आहे.

या दरयुद्धाची दुसरी बाजूही पाहणे आवश्यक आहे. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ मध्ये आपली मोबाइल सेवा गुंडाळली. एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. टेलिनॉरचा भारतीय व्यवसाय व टाटांचा ग्राहक मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये विलीन झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एकत्र आल्या. तीन खाजगी कंपन्या आणि भारत संचार व महानगर टेलिफोन या सरकारी कंपन्या एवढेच पर्याय शिल्लक राहिले. त्यानंतर डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ या तिन्ही वेळी खाजगी कंपन्यांनी जवळजवळ एकाच सुमारास दर वाढविले.

बाजारातील केंद्रीकरण मोजण्यासाठी हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक वापरला जातो. प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीतील वाट्याचा वर्ग करून सर्वांची बेरीज केली जाते. समान वाट्याच्या दहा कंपन्या असतील, तर निर्देशांक १,००० येतो. एकच असेल, तर १०,०००. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १,८०० च्या वरील बाजार अतिकेंद्रित मानला आहे. भारतात २०२४ अखेर एकूण ब्रॉडबँड ग्राहकांपैकी सुमारे ५० टक्के जिओकडे व सुमारे ३० टक्के एअरटेलकडे होते. केवळ या दोघांच्या वाट्यांचे वर्ग मिळविले, तरी बेरीज ३,४०० होते.

६. दारापर्यंतची निवड

२०२४ अखेर देशातील ब्रॉडबँड ग्राहकांची संख्या ९४ कोटींच्या आसपास होती. त्यांत तारेच्या जोडण्या चार कोटींहून थोड्याच अधिक होत्या. मोबाइल व तार यांना एकमेकांचे पर्याय मानावे काय, यावर स्पर्धेचे संपूर्ण मूल्यमापन अवलंबून असते. संदेश पाठविणे वा पैसे भरणे यासाठी मोबाइल पुरेसा आहे. परंतु एकाच घरात दोन मुले वर्गाला बसलेली असताना तिसरी व्यक्ती कार्यालयाचे काम करीत असेल, तर मोबाइलची जोडणी तारेची जागा घेऊ शकत नाही, हे २०२० च्या टाळेबंदीत अनेक कुटुंबांनी अनुभवले.

तारेच्या बाबतीत आणखी एक अडथळा इमारतीच्या प्रवेशद्वाराशी उभा असतो. विकासक किंवा गृहनिर्माण संस्था एखाद्याच कंपनीला आत तार टाकू देते व त्या बदल्यात काही लाभ घेते. अशा वेळी शहरात पाच सेवादाते असले, तरी त्या इमारतीतील रहिवाशांसाठी ते नसल्यासारखेच असतात. जानेवारी २०१७ मध्ये ट्रायने इमारतीतील सुविधा सर्व सेवादात्यांना खुल्या असाव्यात व एकाधिकाराचे करार होऊ नयेत, अशी शिफारस केली. २०२४ मध्ये इमारतींना त्यांच्या डिजिटल जोडणीच्या दर्जानुसार मानांकन देणारे नियमही आले. मानांकन ऐच्छिक असल्याने जुन्या इमारतींतील भाडेकरूंना त्याचा लाभ कितपत मिळेल, हा प्रश्न शिल्लक राहतो.

ग्रामीण भागासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याचे ठरले. हे जाळे सर्व सेवादात्यांना भेदभावाविना उपलब्ध असावे, हे तिचे तत्त्व होय. तार एकाची व सेवादाते अनेक, हे २००४ मध्ये नाकारलेले तत्त्व सात वर्षांनी ग्रामीण प्रकाशतंतूसाठी स्वीकारले गेले, असे म्हणता येईल. मात्र ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा येथेही सर्वांत अवघड ठरला.

७. आशयाची निवड व तक्रारीचा मार्ग

सेवादाता एकच असेल, तर तो ग्राहकाने काय पाहावे यावरही प्रभाव टाकू शकतो. काही निवडक संकेतस्थळे विनामूल्य देणाऱ्या योजनांवरून २०१५ मध्ये देशभर चर्चा झाली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने आशयानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली आणि जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने निव्वळ तटस्थतेचे तत्त्व मान्य केले. सेवादात्यांची संख्या मर्यादित असताना ग्राहकाचे हे संरक्षण अधिकच मोलाचे ठरते.

सेवादाता बदलण्याचा मार्ग मोबाइल ग्राहकास २० जानेवारी २०११ पासून देशभर उपलब्ध झाला. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. तारेच्या ब्रॉडबँडला अशी सोय नाही. वर्षभराचे आगाऊ शुल्क, परत न मिळालेली अनामत, कंपनीच्या मालकीचे उपकरण आणि सेवादात्याने दिलेला ई-मेल पत्ता ही सर्व ग्राहकास बांधून ठेवणारी साधने होत.

तक्रारीच्या बाबतीतही दीर्घकाळ संदिग्धता होती. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निर्णयानुसार टेलिफोनविषयक वाद ग्राहक मंचाच्या कक्षेबाहेर मानले गेले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ग्राहकास ग्राहक मंचाकडे जाता येते, असे स्पष्ट केले. स्पर्धा आयोगाच्या अधिकाराबाबतही असाच वाद झाला. सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयोगाचा चौकशीचा आदेश रद्द केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचारातील तांत्रिक प्रश्नांचा निर्णय प्रथम ट्रायने करावा, असा क्रम घालून दिला.

निष्कर्ष :

१. परवान्यांची संख्या हे स्पर्धेचे पुरेसे मोजमाप नाही. ग्राहकाच्या दारापर्यंत किती स्वतंत्र मार्ग पोहोचतात, हे खरे मोजमाप होय.
२. २००४ मध्ये लोकल लूप खुले न झाल्याने तारेवरील ब्रॉडबँडची वाढ मर्यादित राहिली व स्पर्धा मोबाइलकडे वळली.
३. मोबाइलमधील स्पर्धेने दर कमी केले. परंतु तिची परिणती अल्पसंख्य कंपन्यांच्या बाजारात झाली.
४. ब्रिटनच्या अनुभवानुसार खुल्या प्रवेशाचा नियम मालकाच्या हितसंबंधांची विभागणी केल्याशिवाय प्रभावी ठरत नाही.
५. निवडस्वातंत्र्यासाठी पर्याय, माहिती आणि बदलण्याची सुलभता या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात.

शिफारशी :

१. ट्रायने कंपनीनिहाय आकडेवारीबरोबरच गाव व प्रभाग पातळीवर उपलब्ध पर्यायांची माहिती प्रसिद्ध करावी.
२. इमारतींमधील एकाधिकाराच्या करारांना कायद्याने प्रतिबंध करावा.
३. सार्वजनिक पैशातून टाकलेला प्रकाशतंतू समान अटींवर सर्वांना मिळेल, याची नियमित तपासणी व्हावी.
४. तारेच्या ब्रॉडबँडमध्ये सेवादाता बदलताना अनामत परत मिळण्याची मुदत व उपकरणाच्या पुनर्वापराचे नियम निश्चित करावेत.

समारोप :

डायल-अपच्या काळात ग्राहकाकडे वेग नव्हता, पण निवड होती. आज अनेकांकडे वेग आहे आणि निवड आक्रसली आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान वेग २ मेगाबिट प्रतिसेकंद करण्यात आला. व्याख्येतील वेग असाच वाढत जाईल. परंतु वेगाची व्याख्या ग्राहकाला अधिकार देत नाही. समाधान न झाल्यास दुसरीकडे जाता येणे, हाच तो अधिकार होय. तो मुंबईतील इमारतीत, मराठवाड्यातील गावात आणि कोकणातील वाडीत सारखाच उपलब्ध होईल, तेव्हाच ब्रॉडबँडच्या बाजारपेठेत ग्राहक राजा आहे, असे म्हणता येईल.